त्या दिवशी वारा नव्हता

सर, आपण शेवटचे भेटलो ते तुमच्या भुसावळच्या घरात, स्वयंपाकघरात. चहा मी करत होतो, कारण तुमचा हात थरथरायला लागला होता आणि ते माझ्या लक्षात येऊ नये असं तुम्हाला वाटत होतं. मी दुधावर लक्ष ठेवून उभा होतो आणि माझ्या मागे तुम्ही पाटावर बसून मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या एकेक करून फरशीवर मांडत होतात. मोहरी, जिरं, तिखट, हळद. मी वळून पाहिलं तर आमच्या वेळचा बचाव मांडलेला. तिखटाच्या वाटीवर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "हा तू." मग सगळ्यांच्या मागे ठेवलेल्या हळदीच्या वाटीवर बोट ठेवलंत आणि तेव्हा आमच्या मागे खेळणाऱ्या पोराचं नाव घेतलंत. "अमळनेरच्या मॅचचं मला अजून कळत नाही रे. चुकलं कुठे आपलं? मांडणी चुकली, का पोरंच कमी पडली?" मी म्हणालो, "सर, आता इतक्या वर्षांनी काय त्याचं." तुम्ही तिकडे लक्ष दिलं नाहीत. "वारा होता का त्या दिवशी?" मी चहा गाळत होतो. म्हणालो, "होता बहुतेक." तुम्ही हळदीची वाटी वीतभर पुढे सरकवलीत. "मग मांडणीच. वारा असताना मागचा माणूस एवढा मागे ठेवायला नको होता. माझंच चुकलं." एवढं बोलून तुम्ही वाट्या परत डब्यात लावल्यात, मोहरीच्या जागी मोहरी, जिऱ्याच्या जागी जिरं, आणि चहा प्यायलात. बरं वाटल्यासारखे दिसत होतात. पुढचा उन्हाळा तुम्ही पाहिला नाहीत.

हे सगळं आता लिहायचं कारण असं, की तोच प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत मला विचारला गेला आहे आणि उद्या, सोमवारी, त्याचं लेखी उत्तर द्यायचं आहे. मी धुळ्यातच, देवपुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. तीन वर्षांपूर्वी मुलींचा फुटबॉल संघ काढायचं ठरलं तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, हे खेळायचे शाळेत असताना. तेवढ्यावर शिट्टी माझ्या गळ्यात आली. मी नाही म्हणालो नाही. खरं तर आनंद झाला होता. गेल्या उन्हाळ्यात जळगावला आठ दिवसांचं प्रशिक्षण केलं, वहीभर आकृत्या काढून आणल्या आणि जूनपासून मुलींना नवीन बचाव शिकवायला लागलो. तुम्ही आम्हाला प्रत्येकाला एकेक माणूस वाटून द्यायचात, तो जाईल तिथे त्याच्यामागे जायचं. आता तसं नाही. चौघींची एक रांग, प्रत्येकीने आपापला पट्टा सांभाळायचा, आणि मधल्या मुलीने हाक दिली की चौघींनी एकदम पुढे सरकायचं. समोरची फॉरवर्ड मागे उरते आणि ऑफसाइड होते. कागदावर सुंदर दिसतं. फळ्यावर त्याहून सुंदर दिसतं. मैदानावर आम्ही पहिल्या तीन मॅच हरलो, आणि प्रत्येक वेळी गोल मधूनच झाले, जिथे ती मधली मुलगी उभी असते.

तिसऱ्या मॅचनंतर संस्थेच्या सचिवांनी बोलावलं. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. नाना वाईट माणूस नाहीत, मैदानाला कुंपण त्यांनीच मागे लागून करून घेतलं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि म्हणाले, "सर, कागदावर तुमची टीम फार भारी दिसते. मैदानात उतरली की काय होतं तिला?"

"नाना, पद्धत नवीन आहे. वेळ लागेल."

"लागू द्या की. मी कुठे नाही म्हणतो? मला एवढंच सांगा, शिकवण्यात कमी आहे का पोरींमध्ये? शिकवण्यात असेल तर तुम्ही अजून आठ दिवस जळगावला जाऊन या. पोरींमध्ये असेल तर ती मधली बदला. वसतिगृहात खेळाची एकच जागा आहे, सर. ती चालणाऱ्या पोरीला गेली पाहिजे. दोन पानं लिहून द्या सोमवारी. गोल गोल लिहू नका, दोन्हीपैकी एक लिहा."

ती मधली मुलगी आठवीत आहे. साक्रीच्याही पलीकडे, डोंगराच्या बाजूला तिचं गाव आहे. पावसाचं पीक निघालं की आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जातात. गेल्या वर्षी आमच्या शिपायाने तिला तिच्या गावाकडच्या एका शाळेच्या मैदानावर पाहिलं आणि मला सांगितलं, म्हणून मी जाऊन तिला आणलं. वसतिगृहातली जागा गेली तर ती आईवडिलांबरोबर जाईल. नववी तिला करता येणार नाही. हे मला माहीत होतं, नानांना मी सांगितलंही होतं. तरी गेल्या मंगळवारी शिक्षकांच्या खोलीत बसून मी जो पहिला मसुदा लिहिला, त्यात एक वाक्य असं आहे: "मध्यभागी खेळणाऱ्या खेळाडूकडे वेग आहे, परंतु इतरांना वेळेवर सूचना देण्याची उपजत क्षमता दिसत नाही." वाक्य नीट जमलं होतं. मी ते दोनदा वाचलं. मला ते खोटंही वाटलं नाही. ती खरोखरच मैदानावर तोंड उघडत नव्हती. मी दर सरावाला ओरडायचो, "हाक दे, हाक दे," आणि ती मान हलवायची.

बुधवारी मी कप्तानाच्या वडिलांकडून तिसऱ्या मॅचचा व्हिडिओ मागून घेतला. कप्तान दहावीतली, आमच्याच एका बाईंची मुलगी, वडील प्रत्येक मॅचला फोन धरून उभे असतात. मी पहिला गोल पुन्हा पुन्हा पाहिला. बॉल अजून मैदानाच्या अर्ध्यात आहे, कुणाला काही कळलेलं नाही, आणि ती आठवीतली मुलगी आधीच वळून डावीकडे पाहते आहे, जिथून पुढे गोल होणार आहे तिथेच. तिचा हात कंबरेपर्यंत वर येतो आणि थांबतो. तोंड बंद. दुसऱ्या गोलालाही तसंच. तिसऱ्यालाही. म्हणजे तिला दिसतं. सगळ्यांच्या आधी दिसतं. तुम्ही ज्याला नजर म्हणायचात आणि शिकवता येत नाही म्हणायचात, ती तिच्याकडे आहे. मग गुण कमी आहेत असं कसं लिहू? आणि मांडणी चुकली म्हणावं तर मांडणीत जी मुलगी जिथे हवी तिथेच ती उभी होती. मला दोन्हींपैकी एकही लिहिता येईना.

गुरुवारी शाळा सुटल्यावर वसतिगृहात गेलो. तिथल्या अक्का स्वयंपाक आणि मुली दोन्ही सांभाळतात. जेवणाची वेळ होती. दारात चपला काढतानाच आतून एक खणखणीत आवाज आला, "ए, मागे बघ, पातेलं येतंय! तू भिंतीकडे सरक. तू थांब, आधी तिला जाऊ दे." मला वाटलं अक्काच. आत पाहिलं तर ती. भाकऱ्यांची टोपली कडेवर, पाठ दाराकडे, आणि तिच्या मागून पाचवी-सहावीच्या मुली वरणाचं गरम पातेलं धरून येत होत्या, ते न वळता तिला कळलं होतं. एवढ्याशा जागेत दहा-बारा जणी, आणि कुणाचा कुणाला धक्का लागत नव्हता. जळगावच्या आठ दिवसांत मला जे शिकवलं होतं ते सगळं त्या स्वयंपाकघरात चाललं होतं. मला पाहिल्यावर ती गप्प झाली.

मी विचारलं, "हा आवाज मैदानावर का नसतो?"

ती टोपली खाली ठेवून उभी राहिली. "मैदानावर ताई आहेत, सर."

"मग?"

"पहिल्या मॅचला मी 'ताई' म्हणून हाक मारली होती. तिघीही वळल्या. मला एकीलाच सांगायचं होतं." मग अक्कांकडे पाहून हळू म्हणाली, "नावाने मारायची तर सर, तुम्हीच नको म्हणालात."

अक्का मध्ये पडल्या. "मीबी सांगेल शे तिले. मोठ्या घरन्या पोरी शेतस त्या. त्यास्ना समोर तोंड वर करू नको. उद्या काही झालं तं नाव वसतिगृहनं जाई."

मी खरंच नको म्हणालो होतो. जूनमध्ये कप्तानाची आई मला जिन्यात भेटली आणि म्हणाली, "सर, वसतिगृहातली आठवीची मुलगी माझ्या मुलीला नावाने हाक मारते, चारचौघांत. शिस्त म्हणून काही असतं ना?" दुसऱ्या दिवशी मी मैदानावर सगळ्यांना उभं करून सांगितलं, लहान मुलींनी मोठ्यांना ताई म्हणायचं. मी रोजनिशी ठेवतो हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच लावलेली सवय ती. त्या दिवशीचं पान काढून पाहिलं. "मुलींना चांगलं वळण लागावं म्हणून एक नियम केला," असं लिहिलं आहे. खाली रांगेच्या आकृत्या आहेत, बाण काढलेल्या. त्याच पानावर. बाण काढताना माझ्या डोक्यात आलं नाही की बाण हाकेने हलणार आहेत, आणि जिने हाक मारायची ती रांगेतली सगळ्यात लहान आहे.

पान मिटलं आणि तुमचं धुळ्यातलं मैदान आठवलं, पांझरा नदीच्या बाजूचं, एका अंगाला उतार असलेलं. वर्गात तुम्ही पुस्तकी मराठी बोलायचात आणि मैदानाच्या फाटकातून आत आलं की अहिराणी. पहिल्याच दिवशी मी एका मोठ्या मुलाला "भाऊ, पास द्या" म्हणालो, तर तुम्ही शिट्टी वाजवून खेळ थांबवलात. "भाऊ म्हनशी तवलगून गोल हुई जाई. आठे कोनी भाऊ नही, कोनी दादा नही. बठ्ठा सारखा." भाऊ म्हणेपर्यंत गोल होईल, इथे सगळे सारखे, हे ऐकून सगळे हसले. मीही हसलो, कारण तेव्हा भाऊ म्हणायचं सोडायचं होतं ते मला. माझं नाव नुसतं ऐकायची वेळ अजून आली नव्हती.

ती आली तो, तुमची हळदीची वाटी, नववीत असताना आणि मी अकरावीत. त्याची आई बाजारात कांदा-लसूण घेऊन बसायची. आमच्या घराला गल्लीत मान होता, वडील कचेरीत होते, गल्लीतली माझ्या वयाची मुलंही मला भाऊ म्हणायची. तुम्ही त्याला सगळ्यांच्या मागे उभं केलंत. तो बुटका होता, अंगाने हडकुळा, पण त्याला आधी दिसायचं. मागून त्याची हाक यायची, नुसतं माझं नाव आणि पुढे हुकूम. इकडे ये, तिकडे जा, सोड त्याला. मी जायचो. त्या वर्षी सुरुवातीला आम्ही फार थोडे गोल खाल्ले. पण त्याची हाक आली की प्रत्येक वेळी माझी मान ताठ व्हायची, हेही खरं आहे. हे मी तेव्हा वहीत लिहिलेलं नाही.

वही तुम्ही दिली होतीत. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, संघातल्या प्रत्येकाला एक. तुमचा नियम असा होता: मॅच झाली की घरी जाऊन लिहायचं, सोमवारी वह्या द्यायच्या. "आपण काय केलं तेवढंच लिहा. दुसऱ्यानं काय केलं ते दुसरा लिहील." आमच्यातल्या निम्म्यांना ते अभ्यासासारखं वाटायचं. मला आवडायचं. माझं अक्षर चांगलं होतं आणि एकदा तुम्ही माझी वही सगळ्यांना दाखवली होतीत.

अमळनेरला आपण एस.टी.ने गेलो. दुपारची मॅच, मैदानाच्या कडेला माझे मामा उभे आहेत, ते तिथे राहायचे, शेजारी त्यांचे दोन मित्र. शून्य-शून्य आहे. उत्तरार्ध. मी माझ्या माणसाबरोबर कडेला गेलेलो आहे, मामांपासून दहा पावलांवर. मागून हाक येते. माझं नाव. "सोड त्याले. मधमा ये." मी मध्ये पाहतो, तिथे मोठी मोकळी जागा आहे आणि त्यांचा एक जण तिकडे धावायला निघाला आहे. मामा हसून म्हणतात, "काय भाचे, हा पोऱ्या हुकूम सोडतो का तुम्हाला?" मित्र हसतात. पुन्हा हाक येते, आणखी मोठ्याने. मी जागचा हलत नाही. किती वेळ? एक श्वास असेल. तेवढा गोलाला पुरला.

परतीच्या एस.टी.त तुम्ही कुणाला काही विचारलं नाहीत. सोमवारी वह्या घेतल्यात आणि मधल्या सुट्टीत आम्हा दोघांना बोलावलंत. त्याच्या वहीत एकच ओळ होती, पेन्सिलीने: मी दोनदा हाक मारली. माझ्या वहीत पाऊण पान होतं. मी माझ्या माणसाला कसं धरून ठेवलं ते, आणि शेवटी, "मला हाक ऐकू आली नाही." वाक्य नियमात बसत होतं. मी माझ्याबद्दलच लिहिलं होतं. तुम्ही त्याला विचारलंत, "मारलीस?" तो म्हणाला, "मारली, सर." मला विचारलंत, "आली ऐकू?" मी म्हणालो, "नाही, सर." त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. माझ्या कानाला खरंच काही झालं असावं असं वाटून पाहतात तसं.

तुम्ही आम्हा दोघांपैकी कुणालाच खोटं ठरवलं नाहीत. दोघांनाही खरं धरून जे उरतं ते तुम्ही काढलंत, आणि दोघांनाही खरं धरलं तर एवढंच उरतं की आवाज पोचला नाही. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "तुझी नजर चांगली आहे बेटा, पण आवाज लहान आहे. मागच्या माणसाला आवाज लागतो." तो राखीव झाला. महिनाभर मैदानाच्या कडेला बसला, मग यायचा बंद झाला. दहावीनंतर त्याने शाळा सोडली. ते माझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, घरी कारणं होती आणि ती मोठी होती. पण मैदान त्याने माझ्यामुळे सोडलं. त्याच्या जागी तुम्ही मला मागे उभं केलंत. माझा आवाज मोठा होता आणि मला काही दिसायचं नाही. आपण हरत गेलो. तुम्ही फळ्यावर मांडणी बदलत गेलात, तिघे मागे, दोघे मागे, परत तिघे. पुढच्या वर्षी शाळेने व्हॉलीबॉलचं जाळं आणलं आणि फुटबॉल बंद झाला. तुम्ही खांब रोवताना उभे होतात. मी तिकडे गेलो नाही.

सर, मांडणी बरोबर होती. मुलंही बरोबर होती. तुम्ही हळदीची वाटी पुढे सरकवलीत तेव्हा मला बोलता आलं असतं. तुम्ही वाऱ्याचं नाव काढलंत आणि मी तो वारा घेतला. त्या दिवशी वारा नव्हता. कडेच्या निंबाचं पान हलत नव्हतं, मामा रुमालाने वारा घेत होते.

शुक्रवारी सरावाच्या आधी मी मुलींना एकत्र केलं आणि सांगितलं की जूनमध्ये केलेला नियम चुकीचा होता, आजपासून फाटकाच्या आत कुणी ताई नाही. तुमचं अहिराणीतलं वाक्य मला जसंच्या तसं म्हणता आलं नाही, जीभ वळली नाही, म्हणून मराठीतच सांगितलं. मुली एकमेकींकडे पाहून खुसखुसल्या. पहिल्या खेपेला आठवीतल्या त्या मुलीने कप्तानाचं नाव घेतलं ते इतक्या हळू की मलाही कळलं नाही. कप्तान कंबरेवर हात ठेवून वळली. मला वाटलं आता काहीतरी होणार. ती म्हणाली, "जोरात म्हण ना. मी खाणार आहे का तुला?" तिच्या शेजारची म्हणाली, "मलाही नावाने म्हण, फक्त घरी येऊन म्हणू नको, आजी हाकलून देईल." मग आठवीतल्या मुलीने नाव घेतलं, जोरात, आणि चौघी पुढे सरकल्या. मुलींचं काही नव्हतंच. नियम आम्हा मोठ्यांचा होता. संध्याकाळी कप्तानाच्या आईचा फोन आला. मी तिला सांगितलं की नियम मी केला आणि मीच काढला. ती म्हणाली, "तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला कळतं." ते कौतुक नव्हतं.

काल शनिवारी जळगावचा एक संघ आला होता. आम्ही दोन-एक हरलो. इथे मला नीट लिहायला हवं, कारण गोष्ट जिंकण्यावर संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं आणि मी तसं वाटून घ्यायला लगेच तयार असतो. पहिला गोल डावीकडून झाला. आमची डावी खेळाडू संथ आहे, कितीही हाका मारल्या तरी तिचे पाय तेवढेच चालणार. दुसरा गोल गोलकीपरच्या हातून सुटला. म्हणजे गुणांचाही प्रश्न आहे, आणि मांडणीचाही आहे, संथ मुलीला कडेला ठेवणं हे माझंच काम. पण मधून गोल झाला नाही. रांग चार वेळा एकदम पुढे गेली आणि चारही वेळा पंचाचा झेंडा वर आला. मॅच संपल्यावर नाना कुंपणापाशी उभे होते. म्हणाले, "हरलातच ना शेवटी?"

"हो, नाना."

"मग फरक काय पडला?"

"मधली आता बोलते."

"ते तर मला ऑफिसात बसूनही ऐकू आलं," नाना म्हणाले. "अहवाल मात्र सोमवारी टेबलावर हवा. तोंडी नको."

आज रविवार. सकाळपासून अहवाल लिहिला. मंगळवारचा मसुदा फाडला नाही, रोजनिशीत घडी घालून ठेवला आहे, कारण तोही मीच लिहिला होता. नवीन अहवाल दीड पानाचा झाला. पहिलं वाक्य, "मोठ्या खेळाडूंना ताई म्हणण्याचा नियम मी केला होता आणि बचाव त्यामुळे मुका झाला." पुढे रांगेबद्दल, डाव्या बाजूबद्दल, गोलकीपरच्या सरावाबद्दल. शेवटी, मधल्या खेळाडूची जागा कायम ठेवावी आणि संघ माझ्याकडे ठेवायचा की नाही ते संस्थेने ठरवावं. नाना दोन्हीपैकी एक लिहा म्हणाले होते. मी दोन्हीपैकी एकही लिहिलं नाही, म्हणून ते चिडतील, पण मुलीची जागा काढायला त्यांच्या हातात माझं वाक्य असणार नाही. तुमचा नियम पाळला आहे. आपण काय केलं तेवढंच लिहिलं आहे.

मग वाटलं, हात लिहिता आहे तर तुम्हालाही लिहावं. लिहून झालं. लिहिताना फारसं जड गेलं नाही, आणि त्याचीच मला आता शंका येते आहे. तुम्ही हे वाचणार नाही. त्याने पाहिलं तसं माझ्याकडे पाहणार नाही. वाट्या परत मांडणार नाही. तुमचं नाव वर घालून मी सोपा पत्ता निवडला आहे.

ज्याने दोनदा हाक मारली त्याचं देवपुरातच वेल्डिंगचं दुकान आहे, फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करतो. आमच्या मैदानाच्या कुंपणाचं फाटक त्यानेच केलं, हे मला बिल पाहून कळलं. ते बसवायला तो आला त्या दिवशी मी रजा घेतली होती. शाळेतून घरी जायचा जवळचा रस्ता त्याच्या दुकानावरून जातो आणि मी कित्येक वर्षं पुढच्या चौकातून वळसा घालून जातो. एकदाच, रस्ता खणलेला होता म्हणून, तिथून जावं लागलं. कटरचा आवाज चालू होता, ठिणग्या उडत होत्या, आणि त्या सगळ्यावरून तो आतल्या कामगाराला काहीतरी सांगत होता. मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होतो. शब्द न् शब्द ऐकू आला.

त्याचं दुकान रविवारीही उघडं असतं.